गप्प बसली म्हणून काही खोटी नव्हती

माहं माहेर बारिसालकडचं, म्हंजे आताच्या बांगलादेशातलं, सासर अचलपूरचं, अन् घर लीड्सचं, आता यातली मी कुठची हे तूच ठरव अन् लिही पोरी. मंडळाच्या गणपतीत तुमच्यासारख्या पुण्या-मुंबईच्या कंप्युटरवाल्या पोरी येतात अन् विचारतात, काकू तुम्ही वऱ्हाडातल्या का, मी म्हणते व्हय बाप्पा वऱ्हाडातलीच, कोण एवढं सांगत बसते आरतीच्या घाईत. पण मराठी मले सासूनं शिकवली, अन् तिले जशी येत होती तशीच शिकवली, तिच्याजवळ काही दुसरी नव्हती. नाव माहं अणिमा, सासूनं त्याचं अनू केलं, अन् इथल्या गोऱ्या बायाईनं ॲनी केलं. मी साऱ्याईले ओ देते.

आमचा मुलूख पाण्याचा. तुमच्याकडं घरासमोर रस्ता असते तसा आमच्या घरासमोर खाल, म्हंजे नदीचा फाटा, बाजाराले जा तं होडी, शाळेत जा तं होडी, नवरी जाईन तं होडीत अन् मेलेलं माणूस जाईन तं तेही होडीत. बाबाचं घाटावर मिठाईचं दुकान होतं. दूध नासवून छाना करायचा, तो मळायचा, संदेश करायचे, रसगुल्ले करायचे, सारं हातानं. आई मी लहान असतानाच तापानं गेली, तं मले बाबानं अन् दादानं वाढवलं, निर्मलदादा माह्याहून मोठा, कॉलेजात होता, त्याले रेडिओचा लय नाद, जेवताना बी रेडिओ कानाशी. बाबा म्हणत, अरे भात कानात जाईन तुह्या. मी नववीत होती. दोन वेण्या घालत होती अन् गणितात नापास होत होती, असं साधं होतं आमचं, काय सांगू तुले, इतकं साधं का त्यात सांगासारखं काहीच नव्हतं.

एकाहत्तर सालची गोष्ट आहे. ढाक्याले काय झालं हे दादानं रेडिओवर ऐकलं होतं, पण आमच्या गावापर्यंत कोण येईन असं वाटत होतं, आमच्या गावात होतं काय, मच्छर अन् पेरू. पण पाकिस्तानी मिलिटरीची लाँच आली. सकाळ होती. बाबाची मोठी कढई चुलीवर होती. लाँचचा आवाज आमाले ओळखीचा नव्हता, दादा धावत आला, म्हणे चला, बागेत चला, आत्ताच्या आत्ता. बाबा म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, दूध उतू जाईन, तेवढं उतरवून येतो. आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत दादा थांबला, म्हणे तू पळ, मी बाबाले घेऊन येतो. बस. पुढं घाटावर गावातल्या सगळ्या माणसाईले एका ओळीत उभं केलं, त्यात बाबा अन् दादा बी, हिंदू कोण कोण ते दाखवाले आमच्याच बाजूचे दोघंचौघं सोबत होते, अन् बागेतून मी गोळ्याईचा आवाज ऐकला. लोक म्हणत, दुधापायी गेला तुहा बाप. मी म्हणते नाही. दूध उतरवणं हे त्याईचं काम होतं अन् ते आपलं काम करत होते. गेले ते मारणाऱ्यापायी. हे असं नीट म्हणाले मले लय वर्षं लागली.

आमच्याकडल्या पेरूच्या बागा तू पाहिल्या नसशीन. मातीचे लांब लांब वाफे, त्याच्यावर झाडं, अन् दोन वाफ्याईच्या मधात पाण्याचा चर, छातीपर्यंत पाणी. त्या चरात आम्ही बाया-पोरी लपलो, चांगले बरेच दिवस, जळवा लागत, अन् वर पेरू पिकून पिकून पाण्यात पडत, तेच खात होतो. कोणी एक लहान लेकरू रडलं का त्याची आई त्याच्या तोंडात पेरू कोंबे. मंग एक दिवस त्याईनं बागेची झाडं तोडाले माणसं लावली, अन् आम्ही सापडलो.

ते पुढचं मी तुले सारं नाही सांगत. जिथं सांगाची गरज होती तिथं सांगितलं. तुले एवढं पुरे का तालुक्याच्या गावी एक शाळा होती, बाकं काढून बाहेर फेकली होती अन् वर्गात आमाले ठेवलं होतं. काही पोरी तिथून निघाल्या नाही. मी निघाली, ते रोकेया बुआपायी. ती मिलिटरीचा स्वयंपाक कराले बळजबरीनं आणलेली म्हातारी बाई, मुसलमान, दात पडलेली, कोणाशी बोलत नसे. एका दुपारी तिनं आपला बुरखा माह्या अंगावर टाकला, पाण्याची घागर कमरेवर दिली, अन् म्हणाली, तळ्यावर जा, पाणी आणाले जाते तशी जा, घाई करू नको, म्हाताऱ्या बाया घाई करत नाही. पहारेकऱ्यासमोरून मी गेली. तळ्याच्या पलीकडं तिचा भाचा होडी घेऊन होता, त्यानं मले गवताखाली झाकून नेलं. लोक मले म्हणतात, मुसलमानाईनं मारलं न तुमच्या लोकाईले. मी म्हणते, मले काढलं ती बी मुसलमानच होती. मारणाऱ्याईची जात निराळी असते, ती नावावरून नाही समजत. रोकेया बुआचं मागं काय झालं ते मले कधीच समजलं नाही. मी विचारलं, पत्ता लावाचा प्रयत्न केला, नाही लागला. ते एक राह्यलं.

बॉर्डर ओलांडून इकडच्या बंगालात छावणीत आली. छावणी म्हंजे चिखल, पाऊस, ताडपत्र्या, अन् पटकी, तुम्ही कॉलरा म्हणता ते. माणसं जुलाबानं अशी वाळत जसे पिळलेले कपडे. तिथं देशभरातून डॉक्टर आले होते, त्यात एक नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून नुकताच पास झालेला, उंच, काळा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, अन् त्याले बंगालीचं एक अक्षर येत नव्हतं. तो म्हातारीले हिंदीत विचारे, कब से उलटी है, म्हातारी त्याले आपल्या हरवलेल्या गाईची गोष्ट सांगे. मले दादाच्या रेडिओवर ऐकलेली थोडी हिंदी येत होती. मी बाजूले उभी होती, मी म्हटलं, वो बोलती है कल से, और गाय का भी बोलती है. तो हसला. तवापासून मी त्याच्यासोबत फिराले लागली, या खाटेवरून त्या खाटेवर, याचं त्याले सांग, त्याचं याले सांग. तू मले माहा धंदा विचारशीन न, तं तोच माहा धंदा, त्या चिखलात सुरू झाला तो.

डॉक्टरनं मले लग्नाचं विचारलं तवा मी त्याले सारं सांगितलं, शाळेतलं. त्यानं विचारलं नव्हतं, मीच सांगितलं, म्हटलं नंतर कोणी दुसऱ्यानं सांगाले नको. तो खाली मान घालून ऐकत राह्यला, सलाइनची बाटली हातात तशीच. मंग म्हणाला, तुम्ही सकाळपासून जेवल्या का? मी म्हटलं नाही. म्हणे मंग आधी जेवून घ्या, लग्नाचं काय, तुमाले वाटलं तं करू. असा माणूस आहे तो. आतमध्ये टीव्हीवर क्रिकेट पाहून राह्यला तोच.

अचलपूरले सासूनं दार उघडलं तं मी समोर. पोरानं तार केली होती का बंगालची सून आणतो, पण तार नीट वाचली कोणी, तिले वाटलं बंगालहून काहीतरी सामान आणतो म्हणून. पहिले तीन-चार दिवस ती माह्याशी बोललीच नाही. बोलणार बी कशी, भाषा कुठं होती. मंग एक दिवस चुलीपाशी बसवून घेतलं अन् एकेक वस्तू दाखवाले लागली, हा तवा, हे पीठ, हे सरपण, ही भाकर, म्हण, भाकर. मी म्हटलं भाकोर. ती हसून हसून पिठात पडली. गल्लीतल्या बाया यायच्या, विचारायच्या, कोणाची हाय वं पोरगी, कोण्या जातीची, मायबाप कुठं हाय. सासू म्हणे, माही हाय, आता पुढं बोला, पापड लाटाले आल्या का चौकशीले आल्या? माळकरी बाई होती ती, घरात मासळीचा वास चालत नसे, अन् मी मासळीवाचून सुकून गेली. तिनं ते ओळखलं. गोठ्यामागं एक वेगळी चूल मांडून दिली, स्वतः तोंडाले पदर लावून लांब उभी राह्यली, म्हणे, खा माय, देवाले मी सांगते काय सांगाचं ते. तिले मी माहं कधी सांगितलं नाही. पण झोपेत मी ओरडायची, ते तिनं ऐकलं असन. एकदा माह्या डोक्यात तेल घालता घालता एवढंच म्हणाली, तुले सांगाचं असन तं मी आहो, नसन सांगाचं तरी मी आहो.

डॉक्टरले इथं हॉस्पिटलात नोकरी लागली तवा आम्ही लीड्सले आलो. म्हाताऱ्याईच्या वॉर्डात, कारण चांगल्या चांगल्या जागा गोऱ्या डॉक्टराईले मिळत, आमच्यावाल्याईले म्हातारे. पण याईले ते आवडलं, हे म्हणायचे म्हातारे माणसं बरे, खोटं बोलाचा कंटाळा आलेला असते त्याईले. शुभा इथंच झाली, आमची एकच पोरगी. थंडी, धुकं, रांगेतली लाल विटाईची घरं, अन् दिवसभर कोणी बोलाले नाही. मी शुभाच्या शाळेत डिनर लेडी झाली, ताटात मॅश अन् पीज वाढायची, पोरं म्हणायची थँक यू मिसेस देशमुख, अन् मी घरी येऊन तेवढंच घोकायची.

आता एक सांगते, मनात ठेवशीन तं ठेव. इथं बसमध्ये कोणी उर्दू बोललं का माहं अंग थंड पडे. त्या शाळेत मी तीच भाषा ऐकली होती. अन् पाह्य नशीब कसं, बाजूच्या घरात पाकिस्तानची बाई राहाले आली, नसरीन. तिच्याकडून ताटली आली का मी दार लावून घ्यायची, महिनोन्‌महिने. मंग शुभाले एकदा असा ताप भरला का पोरगी डोळे फिरवाले लागली, डॉक्टर ड्यूटीवर, बाहेर बर्फ, ॲम्ब्युलन्स येता येत नाही, अन् नसरीननं आवाज ऐकला, नवऱ्याची व्हॅन काढून ती आमाले हॉस्पिटलात घेऊन गेली. साऱ्या वाटेनं शुभाच्या कानात बोलत होती, उर्दूत, मेरी जान, मेरी बच्ची, आँखें खोल. तवा मले समजलं का त्या भाषेत हेही बोलता येते. एका दिवसात काही सारं गेलं नाही, पण दार उघडं राहाले लागलं. आता तं तिच्या घरची किल्ली माह्याजवळ असते.

मंग आमच्या भागातल्या दवाखान्यात एक दिवस गेली, माहीच पाठ दुखत होती, तं तिथं बांगलादेशातल्या सिलेटकडली एक बाई डॉक्टरसमोर बसून नुसती रडत होती, तिले इंग्लिश येत नव्हतं अन् सोबत नवऱ्याचा भाऊ आला होता, त्याच्यासमोर ती काय सांगणार? मी म्हटलं, भाऊ, तुम्ही बाहेर बसा जरा. सिलेटची बोली माह्या बारिसालच्या बोलीहून लय निराळी, पण दुखणं समजते बाप्पा. त्या दिवसापासून डॉक्टरीणबाई मलेच बोलवाले लागली, पुढं ट्रेनिंग दिलं, गळ्यात अडकवाले बॅज दिला, त्याच्यावर लिहिलं ॲडव्होकेट. याईनं पाहिला अन् म्हणाले, अरे वा, वकीलसायब! मी म्हटलं हसा, पण इथं ॲडव्होकेट म्हंजे कोर्टातला वकील नव्हे, जी बाई बोलू शकत नाही तिच्या बाजूले बसून तिचं म्हणणं मांडते ती. हॉस्पिटल, कौन्सिल, शाळा, सगळीकडं गेली मी बायाईसोबत. दुसऱ्याचं बोलाले मी कधी भ्याली नाही. फक्त आपलं बोलत नव्हती.

दोन हजार साल उलटल्यावर लीड्समध्ये नवीनच बाया दिसाले लागल्या. कोणी कोसोव्होची, कोणी रवांडाची, कोणी सुदानातली, सरकार त्याईले लंडनहून इकडं पाठवे, हाती एक पिशवी अन् डोळे असे का जसे पाहूनच नाही राह्यले. चर्चच्या हॉलात आम्ही दर बुधवारी त्याईच्यासाठी चहा-जेवण ठेवाले लागलो. तिथं हलीमा आली. सुदानच्या डार्फरमधली, पंचविशीची असन, गाव जाळलं होतं, नवरा मारला होता. तिले थोडं इंग्लिश येत होतं, मले थोडं जास्त येत होतं, पण आम्ही दोघी जास्त कांदे चिरायचो. तिच्या हातचा भेंडीचा रस्सा खाऊन मी म्हटलं, हे तं आमच्या वऱ्हाडात बी चालन.

हलीमाचा इथं राहाचा अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तं पहिल्यांदा विचारलं तवा तिनं सांगितलं गाव जाळलं, नवरा मारला. तिच्यावर जे झालं ते नाही सांगितलं. समोर पुरुष ऑफिसर, दुभाष्या पुरुष, तोही तिच्याच देशाचा, कशी सांगन ती? मंग चारेक महिन्यानं एका लेडी डॉक्टरजवळ तिनं तोंड उघडलं. तं आता म्हणतात, खरं असतं तं आधीच सांगितलं असतं, मागून जोडलं. अपील होतं. तिची वकील एक तरुण पोरगी, लाल केसाची, लय धावपळ करणारी, ती हॉलात बसून आमच्यासमोर डोकं धरून म्हणाली, जज विचारणार, इतके महिने ही गप्प काहून बसली, अन् मी काय उत्तर देऊ? हलीमा माह्या बाजूले बसली होती. ती हळूच म्हणाली, मी खोटं बोलत नाही, ॲनी.  मी वकिलीणीले म्हटलं, याचं उत्तर माह्याजवळ आहे. मी येते.

घरी येऊन याईले सांगितलं. हे म्हणाले, जा तू, पण शुभाले आधी सांग. आता हे कठीण. शुभा तवा तिशीची, केंब्रिजले लॅबमध्ये कामाले, शनिवार-रविवार येते-जाते. तिले एवढंच माहीत का आईच्या घरचे लढाईत गेले. दोनदा प्रयत्न केला. एकदा तिच्यासाठी खिचडी केली अन् समोर बसली, ती आपल्या इथं शिकलेल्या मोडक्या मराठीत म्हणे, आई, काय झाला, तू असा का बघते? अन् मी म्हटलं, मीठ बरोबर आहे का. माहं काही धाडस झालं नाही. अन् सुनावणीच्या दिवशी मले ब्रॅडफर्डच्या कोर्टात न्यायाले कोणी नव्हतं, याईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तं शुभाच सुट्टी घेऊन आली, म्हणे, मी ड्राइव्ह करतो आई, तुझ्या मैत्रीणचा केस आहे ना.

ती खोली काही सिनेमातल्या कोर्टासारखी नव्हती, साधं ऑफिस, निळा कारपेट, पाण्याचा जग. जज एक वयस्क बाई होती, आवाज मऊ. हलीमाची वकीलीण म्हणाली, आमची साक्षीदार मिसेस देशमुख. मी उभी राह्यली. जजबाईनं मागं पाहिलं, शुभा खुर्चीवर कोट मांडीवर घेऊन बसली होती. जजबाई म्हणाल्या, तुम्ही जे सांगणार आहात ते खाजगी आहे, या कोण? मी म्हटलं, माही मुलगी. त्या म्हणाल्या, त्यांनी बाहेर थांबावं असं तुमाले वाटते का, आम्ही थांबू. पाह्य पोरी, दार तिथंच होतं, मी म्हटलं असतं तं शुभा उठून गेली असती अन् जन्मभर तिले समजलं नसतं. मी हलीमाकडं पाहिलं. ती टेबलाकडं पाहत होती. तिले कोणी विचारलं नव्हतं का तुह्या गोष्टी कोणासमोर सांगाच्या. मी म्हटलं, हलीमाची हरकत नसन तं राहू द्या तिले. हलीमानं मान हलवली.

मंग मी सांगितलं. घाट सांगितला, बाग सांगितली, शाळा सांगितली. इंग्लिश माहं मोडकं, पण त्या दिवशी कुठं अडलं नाही. सरकारी बाजूचा वकील तरुण होता, त्यानं त्याच्या कामाप्रमाणं विचारलं, तुम्ही अर्जदाराच्या मैत्रीण आहात, तिले मदत व्हावी अशी तुमची इच्छा आहे, बरोबर? मी म्हटलं बरोबर. तो म्हणाला, मंग आम्ही हे खरं काहून मानावं? मी म्हटलं, सायब, माह्यावर हे झालं त्याले तीस वर्षं होऊन गेली. मी डॉक्टरची बायको आहे, घर आहे, ब्रिटिश पासपोर्ट आहे, मले कोणी कुठं परत पाठवणार नाही. मले बोलाले काहीच भीती नव्हती. तरी माही पोरगी हे आज पहिल्यांदा ऐकते, ती तिथं मागं बसली आहे. मी गप्प बसली ते खोटी होती म्हणून नाही. माह्या तोंडाले ते शब्दच येत नव्हते. मी तीस वर्षं गप्प बसली, हलीमा चारच महिने. ती माह्याहून लय हिमतीची आहे. असं म्हटलं मी. तो वकील पोरगा खाली बसला, म्हणे, आणखी काही विचाराचं नाही. वाईट नव्हता तो, कागद आवरताना त्याचा चेहरा उतरला होता.

मागं पाहाची माही छाती होत नव्हती. पाहिलं तं शुभा तशीच बसली होती, कोट घट्ट धरून.

 परतीच्या वाटेत तिनं पेट्रोल भरलं, पुन्हा बसली, चावी लावली, अन् गाडी सुरूच केली नाही. म्हणे, बाबाला माहीत होता? म्हटलं, व्हय. आजीला? म्हटलं, सांगितलं नव्हतं, पण समजलं असन. मंग रागानं म्हणाली, म्हणजे सगळ्यांना माहीत होता, फक्त मला नाही, मी कोण आहे तुझा?  मी म्हटलं, शुभा, तुह्याकडं पाहून मी ते विसरायची. तुले सांगितलं असतं तं विसराले जागाच राह्यली नसती. तिनं स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मी पाठीवर हात ठेवला तं तिनं काढला नाही, एवढंच.

पुढं बरेच दिवस ती रुसली होती. फोन यायचा, ठीक आहे, काम आहे, बाय. हे म्हणायचे वेळ दे. हलीमाचा निकाल आधी आला, वकीलीण धावतच हॉलात आली, दारातूनच ओरडली, मिळालं! हलीमाले इथं राहाले मिळालं. हलीमा काही ओरडली नाही, खाली बसली जमिनीवर, अन् आम्ही साऱ्या तिच्याभोवती बसलो, कोसोव्होवाली, रवांडावाली, नसरीन बी होती त्या दिवशी, कोण कोणाच्या भाषेत रडत होतं समजत नव्हतं.

अन् त्यानंतर एका शनिवारी शुभा न सांगता आली. आल्या आल्या स्वयंपाकघरात उभी राह्यली, म्हणे, आई, मामाचा नाव काय होता? मी म्हटलं, निर्मल. म्हणे, सांग मला तो कसा होता. मी सांगाले लागली, रेडिओचं सांगितलं, तो होडी वल्हवताना कसा बेसूर गाये ते सांगितलं, मले गणित शिकवताना कान पिळे ते सांगितलं. दुपार गेली त्यात. शुभा हसली बी. इतक्या वर्षांत निर्मलदादाचं नाव मी मोठ्यानं घेतलं नव्हतं, अन् त्या दिवशी किती वेळा घेतलं काय माहीत, घर भरून गेलं होतं.

आता मी शाळाईत जाते. जानेवारी महिन्यात इथं वंशच्छेदात मेलेल्याईच्या आठवणीचा दिवस असते, तवा बोलवतात, पुढं वर्षभर बी बोलवतात, असा वंशच्छेद झालेल्या जागची माणसं पोराईले आपलं सांगतात. मी लहान पोराईले त्या मिलिटरीच्या शाळेतलं नाही सांगत, पेरूच्या बागेचं अन् रोकेया बुआचं सांगते. पोरं काय विचारतीन त्याचा नेम नाही. एकानं विचारलं, जळवा चावल्यावर दुखते का. एकीनं विचारलं, तुम्हाला त्या सोल्जर लोकांचा राग येतो का. मी म्हटलं, येते बेटा, पण मले कामं लय असतात. मास्तरीण हसली, पण मी खरंच सांगितलं. राग गेला नाही, त्याले बसाले जागा कमी पडते, एवढंच.

मी सुखात आहे पोरी, हे तू लिही. लोकाईले वाटते अशी बाई दिवसभर रडत असन. माह्या घरामागं वाफा आहे, त्यात मेथी येते, उन्हाळ्यात भोपळा येते. हे सकाळचा चहा करतात, साखर जास्त टाकतात, मी काही म्हणत नाही. हलीमा आता म्हाताऱ्याईच्या होममध्ये कामाले आहे, तिचं दुसरं लग्न झालं, तिची लहानी पोरगी मले नानी म्हणते अन् माह्या चष्म्याले हात लावते. शुभा गेल्या वर्षी बारिसालले जाऊन आली, एकटीच. मी नाही गेली. गुडघे नाही म्हणतात, अन् मन बी नाही म्हणते, अन् मी दोघाईचं ऐकते. ती घाटावर उभी राहून मले फोन करून म्हणाली, आई, इथे पाणी खूप शांत आहे. मी म्हटलं, असते ते शांत, तू सांभाळून उतर, पायऱ्याईवर शेवाळ असते.

बुधवारी अजून जाते मी हॉलात. महिन्याभरापासून एक नवीन बाई येऊन राह्यली, कोण्या देशची ते अजून सांगितलं नाही तिनं, नाव बी नीट नाही सांगितलं. कोपऱ्यात कोट घालून बसते, चहा घेते, जाते. नव्या आलेल्या व्हॉलंटियर पोरी मले विचारतात, ॲनी, तिले काही विचारू का? मी म्हणते, नको. मी तिच्या बाजूले खुर्ची घेते अन् लसूण सोलत बसते. मागच्या बुधवारी तिनं न बोलता माह्या पुढ्यातला अर्धा लसूण आपल्याकडं ओढून घेतला अन् सोलाले लागली. सांगन तं सांगन, न सांगन तं न सांगन, मी काही कुठं जात नाही.

चाल, उठ आता, अंधार लवकर पडते इकडं अन् तुही बस चुकन. हा मेथीचा जुडा घेऊन जा. तुहं सासरमाहेर सारं सुखाचं राहो, लेकरंबाळं होतीन तं त्याईच्याशी मोकळं बोलत जा. अन् पोहोचली का फोन कर वं, नाही तं हे विचारत राहतीन, पोहोचली का, पोहोचली का.